कपाटातला दगड

भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक लाकडी कपाट असतं. त्यात खोक्यांमध्ये दगड ठेवलेले असतात. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईत नंबर. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं दगड पाठ करत नाहीत, नंबर पाठ करतात. चौदा म्हणजे स्टिल्बाइट. एकवीस म्हणजे ग्रॅनाइट. बत्तीस म्हणजे मांजऱ्या बेसाल्ट. हे मी ऐकीव सांगत नाही. मी अशाच एका कॉलेजात शिकलो आणि आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना याच पद्धतीने चांगले मार्क पडले. तीन वर्षांत वही-हातोडा घेऊन खरोखरच्या उघड्या खडकासमोर आम्ही उभे राहिलो ते दोन दिवस. त्यातला अर्धा दिवस देवदर्शनात गेला.

माझं म्हणणं सरळ आहे. फील्डवर न जाता मिळालेली भूशास्त्राची पदवी ही पदवी नाही. पोहायला शिकल्याचं सर्टिफिकेट कोरड्या हौदात बसून मिळावं, तसा हा प्रकार आहे. आणि याची किंमत त्या विद्यार्थ्याला नंतर कधीतरी इंटरव्ह्यूत मोजावी लागते एवढ्यावर विषय संपत नाही. खरी किंमत मोजतो तो शेतकरी, ज्याच्या वावरात हा पदवीधर उद्या "इथे बोअर घ्या" असं सांगायला जातो.

मी सध्या सेलू, जिंतूर, मंठा या पट्ट्यात विहिरी-बोअरच्या जागा बघून देण्याचं काम करतो. त्यामुळे देवगाव फाट्यावर माझा बराच वेळ जातो. परभणी जिल्ह्यातली ही जागा नकाशावर शोधायला गेलात तर एक चौक दिसेल, बाकी काही नाही. जालना-मंठ्याकडून येणारा रस्ता इथे फुटतो. एक फाटा सेलूकडे आणि पुढे पाथरीला जातो, दुसरा जिंतूर आणि औंढा नागनाथकडे. लोक इथे गाडी बदलतात, चहा पितात आणि निघून जातात. भूशास्त्राचे विद्यार्थी तर इथे उतरतच नाहीत. माझं भांडण नेमकं तिथूनच सुरू होतं.

विहीर कशी वाचतात

या भागातल्या कोणत्याही न बांधलेल्या विहिरीत वाकून बघा. वर काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्याखाली मुरूम, म्हणजे कुजलेला खडक. मग कधी मांजऱ्या लागतो, त्यात बारीक बारीक पोकळ्या असतात आणि त्या पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेल्या असतात. कधी त्याच्याखाली घट्ट काळा पाषाण. आणि मध्येच एखादा तांबडा पट्टा. गावात त्याला गेरू म्हणतात, पुस्तकात रेड बोल.

पुस्तक सांगतं की साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक पसरत गेले, आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भाग त्यांनी व्यापलेला आहे आणि महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग त्याच खडकावर उभा आहे. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण तो तांबडा पट्टा म्हणजे दोन प्रवाहांमधली विश्रांती आहे, खालचा लाव्हा थंड झाला, हवा-पाण्याने कुजला आणि मग वरून दुसरा आला, हे डोक्यात बसतं ते विहिरीच्या काठावर. कारण तिथे तुम्हाला दिसतं की पट्ट्याच्या वर ओल आहे आणि खाली कोरडं आहे. चिकण झालेला तो थर पाणी सहजासहजी खाली सोडत नाही. त्या क्षणी "स्तरक्रम" हा शब्द संपतो आणि पाणी सुरू होतं.

शेजारच्या विहिरीवर जा. दोनशे पावलांवरच. तिथे तोच पट्टा चार हात खाली किंवा वर सापडेल, किंवा सापडणारच नाही. का? उत्तर लगेच येत नाही. मग तिसरी विहीर. मग नाल्याचा काठ. मग वहीत तिन्हींची चित्रं शेजारी शेजारी. इथे विद्यार्थी पहिल्यांदा अंदाज बांधतो आणि तो अंदाज चौथ्या विहिरीत तपासून बघतो. विज्ञान याच्यापेक्षा वेगळं काय असतं? कपाटातल्या बत्तीस नंबरच्या दगडाला वर काय होतं आणि खाली काय होतं हे माहीतच नसतं. तो शेजार तोडून आणलेला असतो.

बिल कोण भरतं

आता त्या वावरात या. शेतकरी विचारतो, "सायेब, पाणी लागंल का?" त्याच्यासमोर तीन पर्याय असतात. पहिला पाणाड्या. हातावर नारळ उभा राहिला की इथे पाणी. दुसरा बोअरवाला एजंट. त्याला फुटाप्रमाणे पैसे मिळतात, म्हणून त्याच्या मते पाणी नेहमी अजून थोडं खाली असतं. तिसरा आपला पदवीधर, हातात रेझिस्टिव्हिटी मीटर घेतलेला. मीटर आकडे देतं. आकड्यांचा अर्थ लावायला खालचा खडक डोळ्यांपुढे उभा करता यावा लागतो. ज्याने दहा विहिरीसुद्धा वाचल्या नाहीत, त्याच्या हातातलं मशीन आणि पाणाड्याच्या हातातला नारळ यांत फरक एवढाच की मशीन महाग आहे.

पाच-सहाशे फुटांचा बोअर, केसिंग आणि मोटार धरून, लाखाच्या पुढे जातो. तो बऱ्याचदा सावकाराच्या पैशावर घेतलेला असतो. कोरडा गेला तर धूळ उडते आणि हप्ता राहतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींना मनाई केलेली आहे. त्यामागचं कारण भूशास्त्रीय आहे. आपल्या बेसाल्टमध्ये पावसाने दरवर्षी भरून निघणारं पाणी मुख्यतः वरच्या कुजलेल्या, फुटलेल्या, सच्छिद्र भागात असतं. खोल गेलात तर लागलं तर नशीब, आणि लागलेलं पाणी पुन्हा भरेल याची खात्री नाही. हे कारण शेतकऱ्याला त्याच्याच विहिरीच्या काठावर उभं राहून समजावून सांगणारी माणसं गावात हवीत. ती कॉलेजातून यायला हवीत. येत नाहीत.

एका शेतकऱ्याचं सोडा, सरकारचंही तेच होतं. शिरपूरला भूजल खात्यातून निवृत्त झालेले भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून पाणी जिरवलं आणि तो 'शिरपूर पॅटर्न' म्हणून गाजला. खानापूरकरांना पायाखालची जमीन माहीत होती. तापीच्या खोऱ्यातला जाड गाळ कुठे आहे, बेसाल्ट कुठे सुरू होतो, हे बघून ते काम झालं होतं. नंतर राज्यभर काय पोचलं? पोकलेन. भूशास्त्र शिरपूरलाच राहिलं. मराठवाड्यात गाळाचा तो जाडपणा सगळीकडे नाही. इथे अनेक ठिकाणी नाला खोल करणं म्हणजे पाणी धरणारा मुरूमच उकरून ट्रकमध्ये भरणं. जलयुक्त शिवारवर ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले आणि भूजलाची पातळी वाढवण्यात योजनेला फारसं यश आलं नाही, असं कॅगने २०२० मध्ये नोंदवलं. कारणं अनेक असतील. पण गावोगाव "इथे खोल करू नका, इथे करा" असं ठामपणे सांगू शकणारे तरुण भूशास्त्रज्ञ असते, तर निदान भांडण तरी झालं असतं.

आणि भूकंप? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे काही होत नाही, हा समज त्या पहाटे गाडला गेला. आदल्या वर्षी त्याच भागात लहान धक्के बसले होते. नंतर तिथे बोअर घेतला तेव्हा साधारण ३४० मीटर बेसाल्टखाली जुना पायाभूत खडक लागला. तो भूकंप घडवणारं जे काही होतं, ते लाव्ह्याच्या चादरीखाली झाकलेलं होतं. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. परभणी-नांदेडपर्यंत भांडी वाजली. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं ते तुम्हीही वाचलं असेल. भूशास्त्राचे विद्यार्थी याच जिल्ह्यांमध्ये शिकत होते. गावात जाऊन कुठल्या भिंतीला कशी भेग गेली, कुठल्या घरात काय पडलं, याची नोंद करायला त्यांना त्या आठवड्यात सुट्टी देऊन पाठवता आलं असतं. माझ्या ओळखीच्या कॉलेजांमध्ये त्या आठवड्यात इंटर्नल परीक्षा होती.

फाट्याभोवती पसरलेला सिलॅबस

फील्ड म्हटलं की आपल्याकडे हिमालय, कच्छ नाहीतर गोवा आठवतो. मग खर्चाचा आकडा येतो आणि विषय बारगळतो. म्हणून मी देवगाव फाट्यावरूनच सांगतो.

जिंतूरच्या रस्त्याला लागा. वाटेत चारठाणा. हेमाडपंती मंदिरांचं गाव. तिथल्या खांबांना हात लावून बघा, कारागिरांनी कुठला बेसाल्ट निवडलाय आणि कुठला टाळलाय. आठशे वर्षं ऊन-पावसात उभा राहिलेला दगड म्हणजे खडकाच्या झिजेचा एवढा लांबलेला प्रयोग कुठल्याही लॅबमध्ये लावता येणार नाही. पुढे जिंतूरजवळ नेमगिरीची टेकडी. तिच्या उतारावर लाव्ह्याचे प्रवाह पायऱ्यांसारखे दिसतात. दख्खनच्या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्द पायऱ्यांच्या स्वीडिश शब्दावरूनच आला. मग पूर्णा नदीवरचं येलदरी धरण. नदी, धरण, गाळ, पायाचा खडक, सगळं एका दिवसात.

सेलूच्या बाजूला वळा. सेलू तालुक्यातच वालूर आहे. तिथली चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ काढून मोकळी केली. बारव म्हणजे भूजल मोजायची शेकडो वर्षं जुनी पट्टी. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं आणि मार्चमध्ये कुठवर उतरलं हे विद्यार्थ्यांनी दर महिन्याला मोजलं तर तीन वर्षांच्या पदवीत छत्तीस नोंदी होतात. पुढे निम्न दुधनाचं धरण, कालवे आणि कालव्यांमुळे ओल धरणारी, कुठेकुठे खारावणारी काळी जमीन.

आणि मंठ्यावरून वर गेलात तर लोणार. देवगाव फाट्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. जगभरातले संशोधक जिथे येतात ते १.८ किलोमीटर व्यासाचं उल्काविवर. बेसाल्टमध्ये झालेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळ समजून घ्यायला त्याचा उपयोग होतो. आदल्या दिवशी नेमगिरीला आडवे बघितलेले प्रवाह लोणारच्या काठावर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. एवढं एकच दृश्य विद्यार्थ्याला कुणी न सांगता सांगतं की इथे काहीतरी प्रचंड आदळलं. त्याच काठावर बसून अजून एक गोष्ट शिकवता येते. लोणारचं वय अनेक वर्षं सुमारे ५० हजार वर्षं सांगितलं जायचं. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने काढलेलं वय सुमारे ५ लाख ७० हजार निघालं. दहापटीचा फरक. पुस्तकातला आकडा हा कुणीतरी कुठल्यातरी पद्धतीने काढलेला असतो, हे कळायला याहून चांगला वर्ग नाही. फक्त तिथे हातोडा गाडीत ठेवायचा. लोणार अभयारण्य आहे, तिथला दगड खिशात घालायचा नसतो. कुठे फोडायचं आणि कुठे हातही लावायचा नाही, हासुद्धा फील्डचाच धडा आहे.

जिंतूरच्या त्याच रस्त्यावर पुढे औंढा नागनाथ आहे. तिथे लायगो-इंडिया होतंय. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मला त्याचा आनंद आहे. पण अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणारी थरथर मोजायला ज्या रस्त्याने यंत्रं जातील, त्याच रस्त्यावरच्या विद्यार्थ्यांना पायाखालचा खडक दाखवायला बसभाडं नाही, हे मला पटत नाही.

"पण सर…"

हा विषय काढला की ठरलेली चार उत्तरं येतात.

पहिलं, "ती पिकनिक असते." असते, कारण तुम्ही ती पिकनिकसारखी ठरवता. एक दिवस, पन्नास पोरं, एक सर, तीन स्थळं, ग्रुप फोटो. दहा दिवस एका गावात मुक्काम, रोज ठरलेला पट्टा, रोज रात्री वही तपासणं आणि शेवटी स्वतः काढलेला नकाशा असं केलं तर तिसऱ्या दिवशी पिकनिकवाले आपोआप कंटाळतात. नव्या शैक्षणिक धोरणाने फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट दिलेत. कागदावर क्रेडिट आले, बस आली नाही. परिणाम काय झाला ते कुठल्याही कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात विचारा. मागच्या वर्षीचा फील्ड रिपोर्ट नाव बदलून मिळतो.

दुसरं, "पैसे नाहीत." मी ढोबळ हिशेब मांडतो. तीस विद्यार्थी, तीन शिक्षक, दहा दिवस. बस रोज बारा हजार धरली तर १ लाख २० हजार. मंगल कार्यालयात किंवा भक्तनिवासात मुक्काम आणि जेवण माणशी रोज पाचशे धरलं तर १ लाख ६५ हजार. विमा, औषधपेटी आणि गावातल्या जाणकारांचं मानधन ३५ हजार. एकूण ३ लाख २० हजार. माणशी अकरा हजारांच्या आत. ही रक्कम विद्यापीठासाठी मोठी नाही. पण शेतमजुराच्या घरासाठी फार मोठी आहे, आणि आज ती त्याच घराकडून 'वर्गणी' म्हणून मागितली जाते. ज्याला जमत नाही तो "घरी काम आहे" म्हणतो आणि मागे राहतो. त्याला त्या रिपोर्टचे मार्क मिळतात, पण खडक मिळत नाही. वर्गणीवर चालणारं फील्ड हे आरक्षणाने उघडलेलं दार मागच्या बाजूने बंद करणं आहे.

तिसरं, "मुलींची जबाबदारी कोण घेणार?" याचं उत्तर परभणीतच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या पदवीत शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. कृषिदूत आणि कृषिकन्या गावात जातात, शेतकऱ्यांसोबत काम करतात, पेपरात त्यांचे फोटो येतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात मातीचा वरचा हातभर थर शिकणारी मुलगी गावात जाऊ शकते, आणि त्याच्याखालचा खडक शिकणारी जाऊ शकत नाही? सोबत शिक्षिका हवी, मुक्कामाला धड संडास-न्हाणी हवी, पाळीच्या दिवसांत विश्रांतीची सोय हवी, तक्रार करायला माणूस हवा. हे सगळं जमवणं हे संस्थेचं काम आहे. मुलींना घरी ठेवणं हे त्याचं उत्तर नव्हे. जे विद्यार्थी उन्हात लांब चालू शकत नाहीत त्यांच्यासाठीही रस्त्याकडेचे कट, बारवेचा काठ, गाडीतून पोचता येणारी ठिकाणं निवडता येतात. फाट्याभोवती अशा जागा भरपूर आहेत.

चौथं आणि सगळ्यात नवं, "आता सगळं ऑनलाइन दिसतं." गुगल अर्थ मीही रोज वापरतो. लोणारचा गोल वरून बघायला त्याच्यासारखं साधन नाही. लॉकडाऊनमध्ये व्हर्च्युअल फील्डने वर्षं वाचवली, तेही खरं. पण स्क्रीनवर दगडाचं वजन कळत नाही. चाकूने ओरखडा काढता येत नाही. पांढऱ्या खनिजावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून ते फसफसतं का हे बघता येत नाही. आणि मुख्य म्हणजे स्क्रीनवर कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं की कुठे बघायचं. फील्डवर पहिला प्रश्नच तो असतो. नासाने अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्रावर पाठवायच्या आधी डोंगरांमध्ये नेलं, हातोडे दिले, तासन्‌तास खडकांची वर्णनं करायला लावली. अपोलो १५ च्या अंतराळवीरांना ली सिल्व्हर नावाच्या भूशास्त्राच्या प्राध्यापकाने असं घडवलं होतं. १९७१ मध्ये चंद्रावर मोजक्या तासांत त्यांनी चार अब्ज वर्षांपेक्षा जुना एक खडक नेमका हेरून उचलला. व्हिडिओ दाखवून भागलं असतं तर नासाने पेट्रोल जाळलं नसतं.

शिकवणार कोण

इथे मला प्राध्यापकांबद्दलही बोललं पाहिजे आणि त्यांच्या बाजूनेही. अनेक विभागांत जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक विभाग ओढतात. त्यांना तासाचे पैसे मिळतात. दहा दिवस गावात राहिलं तर ते किती 'तास' धरायचे? फील्डचा दिवस पूर्ण कामाचा दिवस म्हणून मोजला जात नाही, काही बरंवाईट झालं तर जबाबदारी मात्र पूर्ण त्यांची. अशा अटींवर कुणी वर्गाबाहेर पाऊल टाकणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

पण शिक्षक फक्त विद्यापीठात नाहीत. या भागात विहिरी खोदणारी, सुरुंग लावणारी, खडी फोडणारी माणसं आहेत. त्यांतली बरीचशी वडार समाजातली. दगडावर घण कसा वाजतो यावरून खाली पोकळ आहे की भरीव हे सांगणारे म्हातारे मी पाहिलेत. मांजऱ्या हा शब्द मला आधी एका विहीरवाल्या मामांनी शिकवला, त्याचं इंग्रजी नाव नंतर पुस्तकात भेटलं. मामांनी आयुष्यात किती विहिरी खोदल्या त्याची मोजदाद त्यांच्याकडेही नव्हती, पण कुठल्या गावात गेरू किती हातांवर लागतो ते तोंडपाठ होतं. या ज्ञानाला आपल्याकडे क्रेडिट नाही, मानधन नाही, साधी खुर्चीसुद्धा नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हाताने खडक फोडला त्यांना अडाणी म्हणायचं, आणि ज्याने नंबर पाठ केले त्याला तज्ज्ञ, ही आपली जुनी खोड विज्ञानाच्या नावाखाली चालू आहे. फील्ड ती मोडू शकतं. विद्यार्थी त्या मामांसमोर वही उघडून बसला तर दोघांनाही काहीतरी मिळेल. मामांना पैसेही मिळाले पाहिजेत, नुसता शाल-नारळ नको.

मागणी

मला चिंतन शिबिर नको, समिती नको. पाच गोष्टी हव्यात.

भूशास्त्राच्या प्रत्येक वर्षाला किमान दहा दिवसांचं मुक्कामी फील्ड, आणि त्याचा खर्च विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळीत. विद्यार्थ्याकडून एक रुपयाही वर्गणी नाही.

फील्डचा दिवस शिक्षकाच्या कामाचा पूर्ण दिवस, कंत्राटी आणि तासिकेवरच्या शिक्षकांनाही. सगळ्यांना विमा.

मुलींच्या मुक्कामाच्या सोयी आधी तपासून, लेखी जाहीर करून मगच गाव ठरवायचं.

विहीरवाले, पाथरवट, खाणीतले कामगार यांना मानधन देऊन शिकवायला बोलवायचं.

आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी, कुठल्या विहिरीत कुठला थर किती हातांवर, पाणी कुठल्या महिन्यात कुठे, या त्या गावाच्या ग्रामपंचायतीत मराठीत लावायच्या. गावाने मुक्कामाला जागा दिली तर गावाला तिची जमीन समजली पाहिजे. दहा वर्षं हे झालं तर सेलू-जिंतूर तालुक्यांकडे स्वतःचा भूजल नकाशा असेल, पोरांनी पायी फिरून काढलेला. बोअरच्या एजंटाला सगळ्यात जास्त भीती अशाच नकाशाची वाटेल.

तुम्ही हे मोबाइलवर वाचत असाल आणि भूशास्त्र शिकत असाल, तर विद्यापीठाची वाट बघू नका. तुमच्या फोनमध्ये होकायंत्र आहे, जीपीएस आहे, कॅमेरा आहे. दहा रुपयांची वही घ्या, दोन-तीन मित्र-मैत्रिणी सोबत घ्या आणि तुमच्या गावातल्या सगळ्यात जुन्या विहिरीवर जा. विहीर ज्याची आहे त्याची आधी परवानगी घ्या, काठापासून जपून उभे राहा, आत उतरू नका. थर मोजा. मालकाला विचारा की १९७२ च्या दुष्काळात पाणी कुठे होतं, आता मार्चमध्ये कुठे असतं. लिहून घ्या. पुढच्या रविवारी दुसरी विहीर. आणि सेमिस्टरच्या शेवटी ती वही विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवून विचारा, "सर, याला किती क्रेडिट?"